वाळलेल्या नमुन्यात औषध सापडत नाही? आधी ओल तपासा

पावसाळा मध्यावर आला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. कपड्यावरचा रक्ताचा डाग, गॉजवर टिपलेले रक्त, फिल्टर पेपरवरचा ठिपका, गादीच्या खोळीवरचा लघवीचा डाग असा काहीतरी वाळलेला नमुना तपासणीला जातो. जबाबात गोळ्या घेतल्याचे आलेले असते, खिशात रिकामे पाकीट मिळालेले असते, कधी दवाखान्यातल्या पट्टीवर लघवी पॉझिटिव्हही आलेली असते. आणि सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टमध्ये एकच ओळ येते, गुंगीकारक द्रव्य आढळून आले नाही. मग तपासी अंमलदार प्रयोगशाळेवर चिडतो, प्रयोगशाळा पोलीस ठाण्याकडे बोट दाखवते, आणि सरकारी वकिलांना तारखेला काय सांगायचे तेच कळत नाही.

मी नाशिकमध्ये विषशास्त्राच्या कामात आहे. असे नमुने हाताळते, तपासी अंमलदारांशी आणि नव्या केमिस्टांशी याच विषयावर बोलत असते. माझे स्पष्ट मत आहे की यातल्या बऱ्याच 'निगेटिव्ह' रिपोर्टांमागे ना प्रयोगशाळेचा ढिसाळपणा असतो, ना साक्षीदाराचा खोटेपणा. नमुना वाळलेला दिसत होता, पण आतून वाळलेला नव्हता, किंवा वाळल्यानंतर पुन्हा ओलावला होता. म्हणून शोध कुठून सुरू करायचा ते इथे सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा. औषध किंवा विष शोधायचे असेल तर फ्लोराइड (रक्त बिघडू न देणारे रसायन) घातलेल्या बल्बमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, घेतलेले द्रव रक्त हाच पहिला पर्याय. वाळलेला डाग हा बहुतेक वेळा नाइलाज असतो. माणूस उपचाराला दुसरीकडे गेलेला असतो, गुन्हा उशिरा उघड होतो, हाती फक्त शर्ट उरतो. पण नाइलाजाने घेतलेला पुरावासुद्धा नीट सांभाळला तर बोलतो. व्यवस्थित वाळवलेल्या रक्तात कित्येक औषधे द्रव रक्तापेक्षा जास्त टिकतात. नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर रक्ताचे थेंब घ्यायची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. ती आजही जगभर चालते, कारण कागदावर सुकलेले रक्त पोस्टाने पाठवले तरी उपयोगाचे राहते. अट एकच, ते खरोखर सुकलेले हवे.

आधी तीन शक्यता वेगळ्या करा

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. औषध नमुन्यात मुळात नव्हतेच, किंवा इतके थोडे होते की यंत्राला दिसले नाही. औषध होते, पण साठवणीत मोडून त्याचे दुसरेच रसायन झाले. किंवा औषध अजून डागातच आहे, पण बाहेर काढताना निघाले नाही. तिन्ही वेळा रिपोर्टवरचे वाक्य तेच असते. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे.

पहिल्या शक्यतेचा हिशेब कुणीच मांडत नाही, म्हणून मांडते. रक्त टिपलेल्या फिल्टर पेपरच्या कार्डातून ३.२ मिलिमीटरचा गोल तुकडा पंच केला तर त्यात साधारण ३ मायक्रोलिटर रक्त असते. द्रव रक्ताच्या तपासणीला आपण १ मिलिलिटर घेतले असे धरले, तर हा तुकडा त्याचा सुमारे तीनशेवा हिस्सा झाला. रक्तात मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम क्लोनाझेपाम (एक झोपेचे औषध) असेल, तर त्या तुकड्यात येते ०.१५ नॅनोग्रॅम. टीएलसीच्या (पातळ थरावर द्रव्ये वेगळी करण्याच्या साध्या चाचणीच्या) प्लेटवर एवढ्याचा ठिपका कधीच दिसणार नाही. इथे एलसी-एमएस-एमएस हे अतिसूक्ष्म प्रमाण ओळखणारे यंत्रच लागते. म्हणून तक्रार करण्याआधी रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, आणि नमुना किती घेतला. पद्धत टीएलसी आणि नमुना नखाएवढा डाग, असे असेल तर साठवणीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

पट्टीवरच्या प्राथमिक चाचणीचेही तसेच. ती औषधांचा गट ओळखते, नेमके औषध नाही, आणि कधी कधी दुसऱ्याच साध्या औषधाला दाद देते. पट्टी पॉझिटिव्ह होती म्हणून डागात औषध असलेच पाहिजे, असा हट्ट धरता येत नाही.

ओल: पहिला संशयित

उरलेल्या दोन शक्यतांपैकी नाशिक जिल्ह्यात जास्त भेटते ती औषध मोडण्याची, आणि तिच्या मुळाशी बहुतेकदा ओल असते.

आपला जिल्हा या बाबतीत अवघड आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथे जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना हात लावला तर ओल लागते. येवला, नांदगाव, सिन्नर कोरडे. निफाडला थंडीत पारा घसरून बातमी होते, आणि मालेगाव मे महिन्यात चाळिशी पार करून भाजते. एकाच जिल्ह्यातल्या दोन पोलीस ठाण्यांत, एकाच दिवशी, सारख्याच पद्धतीने ठेवलेले दोन डाग सारखे राहत नाहीत. घोटीचा नमुना आणि येवल्याचा नमुना एकाच मापाने मोजू नये.

एक नमुना जवळून पाहू. भर पावसातला गॉजचा तुकडा. आतल्या पिशवीवर तारीख, पंचांच्या सह्या, वर खाकी लिफाफा, लाखेचे सील, सगळे कागदोपत्री चोख. लिफाफा उघडला तर आत झिपलॉकची पिशवी, आणि तिच्या आतल्या बाजूला धुरकट थर. पिशवी उघडताच बंद पडलेल्या कपाटासारखा कुबट वास. गॉज लालसर तपकिरी असायला हवा होता, तो काळपट, आणि घडीच्या आतल्या बाजूला बुरशीचे मोहरीएवढे काळे ठिपके. घडी उलगडायला गेले तर थर एकमेकांना चिकटलेले.

आणणारे हवालदार प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, डाग एकदम सुकलेला होता. मी स्वतः बोट लावून बघितलं होतं."

"घडी उलगडून बघितलं होतं का, दादा?"

"घडी तशीच होती. आणि पिशवी नवीन होती, कोरी."

इथेच घोटाळा होतो. वरचा थर वाळतो, घडीच्या आत पाणी राहते. प्लास्टिक ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. दिवसा गरम झाले की वाफ होते, रात्री ती पिशवीच्या आत जमते आणि पुन्हा डागावर उतरते. कांदा ओला असताना प्लास्टिकच्या गोणीत भरून कोणी चाळीत रचत नाही, हे लासलगावच्या पोराला सांगावे लागत नाही. रक्ताच्या डागालाही तीच हवा लागते.

ओल राहिली की तीन गोष्टी एकदम सुरू होतात. पहिली जंतू आणि बुरशी. त्यांना खायला रक्त आहे, प्यायला पाणी आहे, आणि जाताजाता ते औषधही मोडतात. दुसरी रक्तातली स्वतःची एन्झाइम्स. सुकले म्हणजे एन्झाइम्स मेली, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. नवजात बाळांच्या सुकलेल्या कार्डावरूनच आपण जी-सिक्स-पीडीसारख्या एन्झाइम्सचे काम मोजतो. सुकलेल्या रक्तात ती नुसती थांबलेली असतात, पाणी मिळाले की पुन्हा कामाला लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे साधे पाण्याने तुटणे. ज्या औषधांच्या रेणूत एस्टरची जोडणी असते ती ओलाव्यात, विशेषतः माध्यम क्षारधर्मी झाले की, आपोआप तुटतात. आणि रक्त बाहेर काढल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन थोडे क्षारधर्मी होतेच. सडायला लागले तर अमोनिया आणखी भर घालतो.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असू द्या: नमुना किती वेळ, कशावर, कसा वाळवला, आणि नंतर कशात ठेवला? तारखेचा प्रश्न त्यानंतर. नीट वाळवून शोषकासह (ओल ओढून घेणाऱ्या पुडीसह) ठेवलेला महिनाभर जुना डाग ओल्या पिशवीतल्या दोन दिवसांच्या डागापेक्षा जास्त सांगून जातो.

कोणते औषध शोधताय त्यावर बरेच अवलंबून आहे

सगळी औषधे सारखी नाजूक नसतात. हे माहीत असले की रिपोर्ट वाचायची पद्धत बदलते.

मालेगाव पट्ट्यात 'कुत्ता गोळी' म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा अल्प्राझोलाम असते, आणि 'बटन' म्हणतात त्यात नायट्राझेपाम. दोन्ही झोपेच्या गोळ्यांच्या एकाच घराण्यातली, पण ओलाव्यातली वागणूक वेगळी. नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम आणि फ्लुनायट्राझेपाम या तिघांच्या रेणूला नायट्रो गट असतो, आणि जंतू त्याच्यावर तुटून पडतात. नायट्रोचा अमिनो होतो, मूळ औषध गायब होते आणि उरते ७-अमिनोनायट्राझेपाम किंवा ७-अमिनोक्लोनाझेपाम. अल्प्राझोलामला हा गट नाही, म्हणून ते तुलनेने टिकते. कुबट वासाच्या गॉजमध्ये अल्प्राझोलाम सापडले आणि क्लोनाझेपाम सापडले नाही, तर क्लोनाझेपाम घेतलेच नव्हते असा निष्कर्ष काढू नका. प्रयोगशाळेला विचारा, ७-अमिनो शोधले का? हा एक प्रश्न कित्येक प्रकरणांत उपयोगी पडतो. हेही लक्षात ठेवा की ७-अमिनो माणसाच्या शरीरातही तयार होते. त्यामुळे ते सापडले तर औषध रक्तात होते हे सांगता येते, पण मूळ प्रमाण किती होते हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

हेरॉइन तर जिवंत माणसाच्या रक्तातही काही मिनिटेच टिकते. त्याचे ६-मोनोॲसिटाइलमॉर्फीन होते आणि पुढे मॉर्फीन. वाळलेल्या डागात हेरॉइन शोधणे व्यर्थ. ६-मोनोॲसिटाइलमॉर्फीन मिळाले तर हेरॉइन घेतल्याची खूण पक्की, पण ओलाव्यात तेही मॉर्फीनमध्ये जाते. नुसते मॉर्फीन उरले की ते हेरॉइनचे, कोडीनचे की दवाखान्यातल्या इंजेक्शनचे, हा वाद सुरू होतो. थोडक्यात, ओलावा इथे पुरावा पुसत नाही, पण त्याची धार घालवतो. कोकेनचे तसेच. ते बेंझॉइलएक्गोनिन आणि एक्गोनिन मिथाइल एस्टर या दोघांत वाटले जाते. दुसरे बनवणारे एन्झाइम फ्लोराइड अडवते, पहिले मात्र क्षारधर्मी माध्यमात एन्झाइमशिवायही बनते. म्हणून फ्लोराइड घातले की झाले, असे नाही.

एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रॉनबद्दल, नाशिकमध्ये वेगळे सांगायला नको. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावातला मेफेड्रॉनचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हापासून हा शब्द इथे घरोघरी माहीत आहे. मेफेड्रॉन आणि त्याच्या जातीची कॅथिनोन्स क्षारधर्मी, कोमट, ओलसर माध्यमात लवकर जातात. आम्लधर्मी आणि थंड माध्यमात टिकतात. एमडीचा संशय असेल तर वाळवण्यात अर्धा दिवस उशीरसुद्धा करू नका, आणि वाळलेला नमुना ठाण्यात पडू न देता पाठवा.

धोतऱ्याच्या गुंगीचे गुन्हे आपल्याकडे अधूनमधून येतात. पेढा, चहाचा डाग, उलटीचा डाग. धोतऱ्यातली ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषे दोन्ही एस्टर आहेत, म्हणजे ओल त्यांनाही मानवत नाही. मात्र बियांचा एखादा तुकडा सापडला तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याची ओळख पटते, म्हणून डाग वाळवताना वरचे कण झटकून टाकू नका.

उलट मॉर्फीन, कोडीन, ट्रमाडॉल, डायझेपाम, जुनी नैराश्यावरची ट्रायसायक्लिक औषधे ही बरीच दणकट. ती कोरड्या डागात नसली तर साठवणीला दोष देण्याआधी पहिल्या शक्यतेकडे परत जा.

दारू वाळलेल्या डागात शोधू नका. ती उडून जाते. पीएथ नावाचा दारूचा एक अंश कार्डावर चांगला टिकतो, पण तो मागच्या काही आठवड्यांतले पिणे दाखवतो, त्या रात्रीचे नाही. व्हाइटनर, थिनर यांचेही दारूसारखेच.

ऊन आणि उष्णता

"लवकर सुकावं म्हणून उन्हात ठेवलं" हे वाक्य ऐकले की मला खरेच वाईट वाटते, कारण हेतू चांगला असतो. उन्हातले अतिनील किरण क्लोरडायझेपॉक्साइड, क्लोनाझेपाम, गांजातले टीएचसी, एलएसडी यांना मोडतात. एलएसडीचा कागदाचा तुकडा तर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून अंधारातच ठेवायला हवा. हेअर ड्रायरही नको. जास्त तापवलेल्या रक्तातले प्रथिन घट्ट होते आणि त्यात अडकलेले औषध पुढे बाहेर येत नाही.

मुद्देमाल खोली पत्र्याची असेल तर मे महिन्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा जास्त असते. दर १० अंशांना रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, हा ढोबळ नियम धरला तर २० अंशांवरच्या जानेवारीपेक्षा ४० अंशांवरच्या मेमध्ये नुकसान चौपट वेगाने होते. छताला लागून असलेला वरचा कप्पा या नमुन्यांना देऊ नका. खालचा, भिंतीपासून हातभर लांबचा कप्पा द्या.

फ्रीजमध्ये ठेवले तरी बिघडले, असे का?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक काळजी घेणारे लोक असतात, म्हणून नीट सांगते. वाळलेला नमुना उणे २० अंशांवर ठेवणे उत्तम. पण दोन चुका होतात. एक, नमुना ओलसर असतानाच फ्रीजमध्ये जातो. तिथे पाणी गोठते, वीज गेली की वितळते, परत गोठते. दुसरी चूक बाहेर काढताना होते. थंडगार पिशवी पावसाळ्यात टेबलावर आणून लगेच उघडली, तर हवेतली वाफ थेट कार्डावर जमते, जसा नमुना मुद्दाम ओला केला. बंद पिशवी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरचे दव पुसा, मगच उघडा. न्यायची असेल तर बर्फाशी थेट टेकवू नका, वितळलेले पाणी लिफाफ्यात शिरते.

ठाण्यात धड फ्रीज नसेल तर उगाच धडपडू नका. कोरडे आणि अंधारे कपाट, ताजे शोषक आणि लवकर रवानगी, हे अर्धवट चालणाऱ्या फ्रीजपेक्षा बरे.

मग नेमके करायचे काय

गॉज किंवा कपडा पूर्ण उलगडा. घडी राहता कामा नये. स्वच्छ कागदावर आडवा ठेवा, खोलीच्या तापमानाला, सावलीत, हवा खेळती राहील असा. फिल्टर पेपरचे कार्ड असेल तर ठिपके कशालाही टेकू न देता आडवे ठेवा आणि ओली कार्डे एकावर एक रचू नका. कोरड्या हवेत कार्डाला किमान तीन तास पुरतात. श्रावणात नाशिकला ते गणित चालत नाही, रात्रभर ठेवा. गॉजला आणि जाड कपड्याला त्याहून जास्त लागते. पंख्याचा झोत थेट नमुन्यावर सोडू नका, एका नमुन्याचे धागे आणि कण दुसऱ्यावर जातात. वाळवण्याच्या जागेला कुलूप हवे आणि वाळवायला ठेवल्याची, उचलल्याची वेळ नोंदवहीत हवी. नाहीतर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

वाळल्यावर कागदी लिफाफा. कार्ड असेल आणि लांब ठेवायचे असेल, तर कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत. इथे प्लास्टिक चालते, कारण आत शोषक आहे आणि नमुना आधीच कोरडा आहे. सिलिका जेलचा रंग बघायची सवय लावून घ्या. निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ते भरलेले. ओलावा दाखवणारे छोटे कार्ड पिशवीत टाकले तर आणखी चांगले, ३० टक्क्यांचा ठिपका रंग बदलताच पुड्या बदलायची वेळ झाली.

कार्ड कोणते वापरताय हेही बघा. डीएनएसाठीच्या एफटीए कार्डाला डिटर्जंटसारखी रसायने लावलेली असतात. डीएनए त्यात सुरक्षित राहतो, पण औषध शोधताना तीच रसायने मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सिग्नल दाबतात. डीएनए आणि औषध दोन्ही हवे असेल तर दोन वेगळी कार्डे घ्या.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ कोणी करत नाही: डागाशेजारचा, रक्त न लागलेला त्याच कपड्याचा तुकडा वेगळ्या लिफाफ्यात पाठवा. कापडाचा रंग, साबण, घाम यांचा गोंधळ त्याशिवाय वेगळा काढता येत नाही.

जप्त केलेल्या मालाचे नियम वेगळे आहेत

इथे गल्लत होते म्हणून लिहिते. पावडर, गोळ्या, गांजा अशा जप्त मालाचे नमुने एनडीपीएसच्या (अमली पदार्थ कायद्याच्या) नियमांनुसार उष्णतेने बंद केलेल्या प्लास्टिक पिशवीत घालून कागदी लिफाफ्यात ठेवतात. रक्ताच्या डागाला हा नियम लावू नका. हा गोंधळ झाल्यामुळेच गॉज झिपलॉकमध्ये जातो.

गांजाचा मात्र खरा पेच आहे. हिरवा, ओला गांजा पिशवीत बंद केला की बुरशी धरते आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या खुणा बिघडतात. वाळवला तर वजन घटते, आणि वजनावर तर सगळे कलम अवलंबून, १ किलोहून कमी ते अल्प आणि २० किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण. म्हणून जप्तीच्या वेळचे वजन आणि 'माल ओला व हिरवा' हे शब्द पंचनाम्यात स्पष्ट लिहा. पुढे प्रयोगशाळेत वजन कमी भरले तर कारण आधीच नोंदलेले असेल. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या गांजात पहिल्या वर्षात टीएचसी सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते आणि कॅनाबिनॉल वाढते. जुन्या मुद्देमालात कॅनाबिनॉल जास्त दिसले तर माल बदलला असा अर्थ नाही.

प्रयोगशाळेतल्या मित्रांसाठी

तिसरी शक्यता आपल्या हातातली आहे. जुना डाग थेट मिथेनॉलमध्ये टाकू नका. सेंद्रिय द्रावकात वाळलेले प्रथिन आणखी आवळते. आधी पाण्यात किंवा बफरमध्ये भिजू द्या, हलवा, डागाचा रंग द्रावात उतरला का बघा. जुना, तापलेला डाग तपकिरी राहतो आणि पाणी जवळजवळ रंगहीन. असे दिसले की रिकव्हरीवर (औषध पूर्ण बाहेर आले यावर) भरवसा ठेवू नका, वेळ वाढवा, सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी हलवा). इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घालायचे रसायन) द्रावात घातले तर ते फक्त पुढच्या पायऱ्यांची भरपाई करते, कागदातून किती निघाले याची नाही. ॲम्फेटामिन गटाचा द्राव नायट्रोजनखाली सुकवताना आधी थोडे आम्लयुक्त मिथेनॉल घाला, नाहीतर मोकळा बेस उडून जातो आणि आपण साठवणीला नाव ठेवत बसतो.

औषध मोडले की अडकले, हे ओळखायला कंट्रोल लागतो. माहितीतल्या प्रमाणाचे औषध घातलेले कोरे रक्त त्याच प्रकारच्या कापडावर टाकून, वाळवून, नमुन्याशेजारी ठेवायचे. एक सुरुवातीला तपासायचे, एक नमुन्याबरोबर. ठेवलेल्यात घट दिसली आणि मोडीतून बनलेले रसायन वाढले तर दोष साठवणीचा. मूळ आणि मोड दोन्ही कमी, तर दोष काढण्याचा. कार्डाच्या मध्यातून आणि कडेतून वेगवेगळे पंच काढून बघा, विशेषतः ठिपक्याभोवती फिकट पिवळी कड दिसली तर. थेंब नीट न टाकल्याची किंवा नीट न वाळवल्याची ती खूण, आणि तिथे मध्यातले प्रमाण कडेला लागू होत नाही.

अहवालात 'आढळून आले नाही' या शब्दांपुढे पद्धत, तिची किमान मर्यादा आणि नमुन्याची मिळाली तेव्हाची अवस्था लिहा. 'नमुना ओलसर, बुरशीयुक्त' हे तीन शब्द न्यायाधीशांना फार उपयोगाचे असतात.

केसांबद्दल थोडे

केस मुळाशी बांधून, मूळ कोणत्या बाजूला ते लिहून, फॉइलमध्ये आणि मग कागदी लिफाफ्यात, खोलीच्या तापमानाला. फ्रीज नको. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून मूळ-टोक उलटले तर सगळा कालक्रम उलटतो.

आज कपाटात ओला नमुना पडलाय, तर?

उन्हात काढू नका. सील स्वतःच्या मनाने तोडू नका. प्रयोगशाळेला लगेच कळवा, आणि उघडण्याची गरज पडली तर रीतसर परवानगी घेऊन पंचांसमोर उघडा. आत काय दिसले ते फोटोसह नोंदवा, वास, रंग, बुरशी, पिशवीतले दव, सगळे. मग सावलीत पूर्ण उलगडून वाळवा आणि नव्या कागदी लिफाफ्यात ठेवा. जुनी पिशवी फेकू नका. ओल्या डागातले औषध पिशवीच्या आतल्या भिंतीला किंवा आतल्या कागदाला लागलेले असू शकते, टीएचसी तर प्लास्टिकला चिकटतेच. ती पिशवी आणि तो कागद वेगळ्या लिफाफ्यात, वेगळा क्रमांक देऊन सोबत पाठवा. फॉरवर्डिंग लेटरमध्ये साफ लिहा की नमुना अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ओलसर प्लास्टिकमध्ये होता, संशयित औषध हे आहे, आणि त्याच्यासोबत त्याची मोडीतून बनणारी रसायनेही शोधावीत.